पांढरा स्पंज

४ मार्च, सोमवार
बाबांचा पाय सुजलाय, आठवडाभर घरीच. आम्ही दोघं काम करतो त्या दातांच्या दवाखान्यातली माशांची टाकी माझ्याकडे सोपवली; मी तिथे काउंटरवर असते. "नुसतं खाणं टाक. फिल्टरला हात लावू नकोस, मास्तरीणबाई!"

लावला. आत नुसता तपकिरी चिखल! बावीस वर्षं बाबा तो स्पंज टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळतात आणि परत ठेवतात. दात दाखवायला आलेली माणसं समोर बसलेली, मला कायम लाज वाटायची. आज स्पंज नळाखाली गरम पाण्याने धुतला, पांढरा होईपर्यंत. आतल्या चिनी मातीच्या नळ्याही ब्रशने घासल्या. नर्सताईंना म्हणाले, "बाबांना काय कळतंय स्वच्छतेतलं!" दोन पेशंट हसले. मीही.

७ मार्च, गुरुवार
पाणी दुधासारखं झालंय. दोन मासे उलटे तरंगत होते.

८ मार्च, शुक्रवार
आणखी सहा गेले. उरलेले वर येऊन तोंड उघडतात, मिटतात. काउंटरवर बसून दिवसभर तेच बघितलं.

९ मार्च, शनिवार
खणात फिल्टरचं खोकं सापडलं. माहितीचा कागद घडीसुद्धा न मोडलेला. चौथी ओळ — स्पंज आणि नळ्या टाकीतल्याच पाण्यात हलक्या हाताने धुवाव्यात, नळाच्या पाण्याने त्यांवरचे उपयोगी जिवाणू मरतात. माशांची घाण तेच पचवतात. म्हणजे मी चिखल म्हणून धुतलं ते...

बाबांना वाचता येत नाही. घरात पहिली शिकलेली मी. आणि मीच वाचलं नाही.

११ मार्च, सोमवार
बाबा लंगडत कामावर आले. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, रजेवर जाताना काय करून गेलात? मासे मेले की!" बाबांनी फिल्टर उघडला. स्पंज हातात धरून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "चुकलं, साहेब."

मी एका पेशंटचं नाव दोनदा चुकीचं लिहिलं.

१२ मार्च, मंगळवार
आजही डॉक्टरांना खरं सांगितलं नाही.

१४ मार्च, गुरुवार
बाबा रोज तिसरा हिस्सा पाणी बदलतात. रात्रभर भरून ठेवलेल्या शिळ्या पाण्याच्या बादल्या, त्या सुजलेल्या पायाने! मी उचलायला गेले तर, "तू तुझं काम बघ." चार मासे तगलेत.

संध्याकाळी डॉक्टर त्यांना म्हणाले, "मामा, वय झालं. एक तारखेपासून टाकी बाहेरचा माणूस बघेल. तुम्ही आता घरीच आराम करा." बाबांनी मान डोलावली आणि काचेवरचे डाग पुसत राहिले.

आईने विचारलं, "दोघंही जेवत का नाही?"

१५ मार्च, शुक्रवार
सांगितलं. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात, आत जाऊन, एका दमात. नर्सताईंसमोरच. त्यांच्यासमोरच बाबांना हसले होते ना!

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "मग मामा का म्हणाले, चुकलं?" मला सांगता येईना. ते म्हणाले, "बरं. मामा राहतील, टाकीही त्यांच्याकडेच. तू मात्र त्यांच्याशी बोल."

घरी आल्यावर बोलले. बाबा म्हणाले, "स्पंज बघितला तेव्हाच कळलं. उद्या लवकर चल माझ्याबरोबर."

१६ मार्च, शनिवार
दवाखाना उघडायच्या आधी बाबांनी बादली पुढे सरकवली. "मी इथे नुसता झाडू मारायचो तेव्हा टाकी दुसरा एक जण बघायचा. एकदा तो रजेवर होता. त्याचा स्पंज मी साबणाने धुतला, साहेब खूश होतील म्हणून. मासे मेले. त्याला काढलं, टाकी मला दिली. मी बोललो नाही."

मग स्पंज माझ्या हातात दिला. "पीळ. दोनदाच."