हमी चुलीची आहे, धुराची नाही

४ डिसेंबर १९५८

चूल आली! पौडच्या स्टँडवरून बैलगाडीत, अंगावर गोणपाट, गोणपाटावर झेंडूचा हार. मी लग्न होऊन याच रस्त्याने आले तेव्हा येशीवर इतकी माणसं नव्हती.

पत्र्याची, हिरव्या रंगाची. नाव 'अग्निसखा'. पाठीला उंच नळी — ती माळ्यातून वर चढते आणि कौलांच्या बाहेर निघते. धूर परस्पर आभाळात. शिवाय पाच वर्षांची हमी! हमीचा कागद यांनी चौकटीत घालून देव्हाऱ्याशेजारी टांगला. हे सरपंच झाल्यापासून घरात जे येतं ते हारासकट येतं.

खरं कारण म्हणजे आत्याबाईंचे डोळे. उजव्यात फूल पडून तो गेलाच. दिवाळीत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं — डावा राखायचा असेल तर घरातला धूर बंद करा, नुसत्या थेंबांनी काही होणार नाही. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर आहे. सासू म्हणून तोंडाने तिखटच, पण माझी बाळंतपणं त्यांनीच काढली. माहेरी आई नव्हती मला.

जुनी चूल यांनी स्वतः पहारीने फोडली. आत्याबाईंनी नवीला हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, "धूर समदा भाईर जातुया?"

"एक चिमूटसुद्धा आत राहणार नाही!" हे म्हणाले. चुलीजवळ उभे राहिले की यांची भाषा पुण्याची होते.

आत्याबाई माळ्याकडे बघत राहिल्या. बरं वाटलं असेल.

७ डिसेंबर

धूर नाही! सकाळपासून निम्मं गाव येऊन बघून गेलं. रंभाबाई शेजारीण तर चुलीच्या मागे वाकून शोधत होती. "आगं, जाळ हाय आन् धूर न्हाई, म्हंजी ह्यो जाळ खरा का खोटा?"

आज दुसरंही फर्मान निघालं. विकास गटाकडून सुधारित भाताचं बियाणं येणार, तेव्हा जुनं बी घरात ठेवायचं नाही. कांडून खाऊन टाका! मला वाटलं आता आत्याबाई घर डोक्यावर घेणार. पण त्या पदर खोचून उठल्या आणि बियाण्याची पोती उखळाशी ओढली. इतक्या गुणी कधीपासून झाल्या?

१३ डिसेंबर

धूर! चुलीतून नाही — वरून, माळ्याच्या फळ्यांतून खाली उतरतो. भाकरी थापताना पुढ्यातली परात दिसेना. आत्याबाईंच्या डोळ्याला धार लागली.

हे म्हणाले, "लाकडं ओली घातलीस."

लाकडं गेल्या उन्हाळ्यातली! पण सरपंचाची चूल चुकत नाही, सरपंचाची बायको चुकते.

१५ डिसेंबर

चुलीबरोबर एक पुस्तिका आली आहे. हे ती सोवळ्यातल्यासारखी हातात धरून मोठ्याने वाचतात. लाकूड वीतभर असावं. सरळ असावं. गाठ नसावी. 'गृहिणीने प्रसन्न चित्ताने जाळ करावा.'

प्रसन्न चित्त! लाकूड एक वेळ मिळेल.

१८ डिसेंबर

माळ्यावर चढून नळी बघावी म्हणून शिडी लावली, तर आत्याबाई शिडीच्या पायाशी येऊन बसल्या. "चढू नगंस. वर नाग हाय."

कुठला नाग? कधी आला? म्हणाल्या, घराचा आहे, जुना आहे, मी त्याला दूध ठेवते, माझ्याशिवाय कुणी वर गेलेलं त्याला खपत नाही. त्यांच्या वयाला शिडी चढणं म्हणजे कमालच. पण चढतात खऱ्या, वाटी घेऊन.

यांना सांगितलं. वाटलं, अंधश्रद्धेवर चावडीत परवाच भाषण झालंय, आता हे तडक वर जाणार. यांनी शिडीकडे बघितलं, माळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मुक्या प्राण्याला विनाकारण त्रास नको."

३ जानेवारी

यांच्या पत्रावरून पुण्याहून कंपनीचा माणूस आला. दातार. काळी टोपी, कातडी पिशवी, चुलीपेक्षा आधी जेवणाची चौकशी. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. मी जाळ केला.

धूर नाही. औषधाला नाही!

मी वाळकी लाकडं घातली, मग हट्टाने ओली घातली, मग शेणी घातल्या. चूल अशी जळत होती की जणू तिचंच लग्न आहे. दातार भात-वरण-तूप जेवले, ढेकर दिली आणि निकाल दिला — "चुलीत दोष नाही. तुमचं घर जरा सदोष आहे. वारा चुकीच्या बाजूने येतो."

घर फिरवून घ्या, एवढंच सांगायचं राहिलं.

"माळ्यावर बघता का?" मी विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "नाग हाय." दातारांनी खालूनच मान वर करून पाहिलं. "वर सगळं ठीकच असणार," म्हणाले.

दुपारच्या एस.टी.ने गेले. दिवेलागणीला धूर!

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळाला धुराचा वास. गोड बोलायची इच्छा नाही.

२२ जानेवारी

पौडच्या बाजारातून नबीलाल पत्रेवाल्याला आणलं. त्याने नळीचा खालचा सांधान् सांधा काढून पुन्हा बसवला, चिकणमाती आणि मीठ कालवून लिंपला. तो असेपर्यंत धूर नाही. चहा पिऊन निघताना म्हणाला, "वैनी, सांधं आता पक्कं हायेत. पुन्ना धूर आला तर त्यो वरनं कुटनं तरी येतोय. पन नागाच्या घरात मी जायचो न्हाई. माजी बी बायकापोरं हायेत."

परवापर्यंत बरं गेलं तर त्याला पायली तांदूळ पाठवीन.

२४ जानेवारी

तांदूळ वाचले.

११ फेब्रुवारी

दातार पुन्हा. धूर पुन्हा नाही! आता तर माझाच माझ्यावर विश्वास उडत चाललाय. मी चुलीला काहीतरी करते असं यांच्या डोळ्यांत दिसतं.

यांनी हमीचा कागद भिंतीवरून उतरवून दातारांपुढे धरला. दातारांनी तो भक्तिभावाने वाचला — कंपनीत बहुतेक कुणी वाचत नसावं. मग सांध्यावरची माती बोटाने खरवडली. "हे कुणी केलं?"

"नबीलाल."

"संपलं. परक्या माणसाचा हात लागला की हमी रद्द."

हे संतापले. "अहो, पण धूर आधीपासून येतोय!"

तेव्हा दातार जे बोलले ते मी जन्मभर विसरणार नाही. "सरपंच, हमी चुलीची आहे, धुराची नाही. धूर तुमच्या लाकडाचा."

मला हसू फुटलं. न्हाणीत जाऊन हसून घेतलं. मग आत्याबाई डोळ्याला पदर लावून बसलेल्या दिसल्या आणि हसू विझलं. पाच वर्षं राहू द्या, ते थेंब घालते तेव्हा पाच घटका तरी धूर थांबावा ना!

१६ मार्च

आज विकास गटाचे साहेब आले. येशीवर पाटी — 'धूरमुक्त गावाकडे पहिले पाऊल'. पहिले पाऊल म्हणजे आमचं स्वयंपाकघर. जीप, हार, नारळ. मी देवाला हात जोडले की आज तरी धूर येऊ दे, साहेबांच्या चष्म्यावरच येऊ दे.

नाही आला.

आत्याबाईंना चुलीशेजारी बसवून फोटो काढला. डोळ्यातून पाणी वाहतच होतं. साहेब गहिवरले. "बघा, माउलीच्या डोळ्यात आनंदाश्रू!"

टाळ्या. हेही टाळ्या वाजवत होते.

सगळे गेल्यावर मी नुसती बसून राहिले. साहेब आले की धूर नाही, दातार आले की नाही, नबीलाल आला की नाही. या धुराला माणसं ओळखता येतात का?

८ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, डाव्यावरही सारा, म्हणजे पडदा, येतोय. "धूर बंद केला ना?"

हे म्हणाले, "बंद. हमी आहे."

परत येताना गाडीत मी यांच्याशी बोलले नाही. आत्याबाई मात्र शांत. ओढ्याकाठची करवंदं लागली का, विचारत होत्या. समोरच लागलेली होती.

११ एप्रिल

आत्याबाई भैरोबाला गेल्या आणि मी शिडी लावली. नाग असला तर चावू दे. त्याने चावलेलं डॉक्टरला निदान कळेल तरी.

नाग नाही! दुधाची वाटी आहे, आणि वाटीशेजारी लठ्ठ झालेलं रंभाबाईचं मांजर.

नळीला छातीइतक्या उंचीवर चीर पाडलेली. चिरेतून आत कौलाचा तुकडा आडवा सारलेला — म्हणजे धुराची वर जायची वाट बंद, आणि सगळा धूर चिरेतून माळ्यावर. तुकडा काढून चिरेला बोळा लावला की धूर सरळ बाहेर. बोळा शेजारीच पडलेला, हिरव्या काठाचा. आत्याबाईंचं ते लुगडं मी गेल्या वर्षापर्यंत रोज धुतलंय.

नळीसमोर वाशाला पेंढ्यात गच्च बांधलेला मुडा टांगलेला. धुराने काळाकुळकुळीत. दोन बोटं आत घातली. भात. तांबडं भात.

राग आला, इतका राग आला की शिडी तशीच ठेवून अंगणात उभी राहिले. त्या आल्या. शिडी पाहिली. बसल्या जोत्यावर.

"नाग बघितलास?" म्हणाल्या.

"आत्याबाई, हे काय केलंत? डोळा जातोय तुमचा!"

"बी हाय त्ये. तांबसाळ. आमच्या गावचं."

त्यांचं गाव धरणात गेलं, हे मला ठाऊक आहे. त्यांची बोलायची तऱ्हा नाही, म्हणून मीही कधी विचारलं नव्हतं. आज बोलल्या. पाणी चढत आलं तेव्हा लोकांनी भांडी घेतली, देव घेतले. आत्याबाईंनी पदरात बी घेतलं. त्यांचा हैबती, म्हणजे हे, तेव्हा कडेवर होता. इथे आल्यापासून दर साली कोपऱ्यातल्या खाचरात तेच पेरतात. ती तांबड्या तांदळाची पेज आम्ही गौरीला पितो, आणि मला वाटायचं ही नुसती म्हातारीची आवड!

"धूर न्हाई लागला का किडा लागतोय. आन् येक साल चुकलं का बी संपलं. मंग कुटनं आणू? पाण्यात बुडी मारून?"

"सांगायचं होतं की यांना!"

"कुनाला सांगू? त्येनं येशीवर पाटी लावलीया. कांडून खा म्हनला. म्या बाकीचं समदं कांडलं."

"रंभाबाईच्या चुलीवर टांगू मुडा. तिच्याकडे धूर मुबलक आहे."

"रंभीच्या? सांजच्याला समद्या गावाला ठावं व्हईल. आन् बी परक्याच्या धुरात ठिवत्यात व्हय?"

"आणि डोळा?"

त्यांनी पदराने डोळा पुसला. मग म्हणाल्या, "डोळा माजा येकलीचा हाय गं."

मी रडले. त्यांच्यावर ओरडले आणि रडले. शेवटी एवढंच ठरलं — त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाहीत, ओटीवर बसतील. नळीचं मी कुणाला सांगणार नाही. खूप उशीर केला का मी? आधीच चढायला हवं होतं.

२ मे

हे कंपनीला रोज एक पत्र लिहितात. मी शाई भरून देते.

१९ जून

मृग बरसला. सरकारी बियाण्याचं रोप यांनी साहेबांच्या साक्षीने टाकलं. आम्ही दोघींनी ओढ्याकडच्या कोपऱ्यात तांबसाळ टाकली. आत्याबाई हाताने चाचपून वाफा सारखा करत होत्या.

मुडा रिकामा. चढून तुकडा काढला, बोळा घट्ट बसवला.

२७ जून

आठवडाभर धूर नाही. यांच्या मते शेवटच्या पत्राचा परिणाम — त्यात 'कायदेशीर इलाज' असे शब्द होते. आज यांनी कंपनीला आभाराचं पत्र घातलं. हमीची चौकट पुन्हा देव्हाऱ्याशेजारी.

३० सप्टेंबर

कंपनीच्या नव्या पुस्तिकेत यांचं पत्र छापून आलं! शेजारी आत्याबाईंचा फोटो. मी त्यांना दाखवायला नेला. पुस्तिका उलटी धरून म्हणाल्या, "ब्येस हाय."

मी सुलटी केली नाही.

२५ नोव्हेंबर

तांबसाळ कापली. कोपराच तो, पण मुडा भरला. पेंढा मी वळला, गाठ त्यांनी मारली. गाठीला डोळे लागत नाहीत, म्हणाल्या.

२ डिसेंबर १९५९

आत्याबाईंना आता शिडी दिसत नाही. सकाळी वाटीत दूध घेऊन मी वर चढले, बोळा काढला, तुकडा आत सारला.

हे खालून ओरडले, "पुन्हा धूर!"

"लाकडं ओली घातली मी," म्हटलं. डोळे चुरचुरत होते.