तेवीस फुटकळ राक्षस

३ मार्च, सोमवार

विकली एकदाची! म्हणजे विकतायत. मालकांनी सकाळी आम्हा चाळीस जणांना मोठ्या टेबलाभोवती उभं केलं आणि सांगितलं, आपली कंपनी एक बडी कंपनी घेतेय, कोणाचीही नोकरी जाणार नाही, "फक्त कागद नीट पाहिजेत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आयत्या बिळावर नागोबा, असं शेजारचीच्या कानात म्हटलंसुद्धा. मग मला एकटीला आत बोलावलं.

बड्या कंपनीला आमचा गेम हवाय तो माझ्या फुटकळांसाठी. फुटकळ म्हणजे गेममधले दुय्यम राक्षस. महाराक्षस पाच आहेत, त्यांची नावं खेळणाऱ्यांना धड आठवत नाहीत. आठवतात ते हे तेवीस — उंबरठ्या, बोळक्या, फटीतला, लोंबत्या वगैरे मंडळी. लोक त्यांच्या बाहुल्या टेबलावर ठेवतात! बारा वर्षं मी ह्यांच्यावर पोट भरतेय. प्रत्येकाचं पान मीच लिहिते. पानावर दोन चौकटी: 'कुठून आला' आणि 'कोणाचा'. एकही रिकामी ठेवून चालत नाही, कॉम्प्युटर पान घेतच नाही.

आता तीच पहिली चौकट माझ्याकडून भरून हवीय. खरीखुरी. हे तेवीस कुठून आले?

४ मार्च

डोकं ठणकतंय. आज काही नाही.

५ मार्च, बुधवार

बड्या कंपनीच्या वकीलबाई आल्या होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात, आवाज मऊ. एक पानी कागद पुढे सरकवला. ही पात्रं सर्वस्वी माझी निर्मिती, दुसऱ्या कोणाचाही त्यात हात नाही, आधीचं कुठलंही लिखाण वा चित्र अस्तित्वात नाही. खाली माझं नाव टाईप केलेलं, सहीची जागा मोकळी.

"वाचून देते," मी म्हटलं.

"आरामात वाचा. वीस तारखेपर्यंत चालेल. तोवर आमची इतर विचारपूस चालूच आहे."

मालक हसत होते. "अगं, एक सही आहे! आईलाच विचारतायत, पोर तुझंच ना म्हणून." मीही हसले. इतकी हसले की वकीलबाईंनी चष्मा लावून बघितलं.

इथे तरी खरं लिहावं. ते माझे नाहीत. धाकट्याचे आहेत. माझ्या भावाचे.

६ मार्च

मी अकराची, तो सातचा. आई-बाबा दोघंही कामावर, दाराला बाहेरून कुलूप, किल्ली शेजारच्या काकूंकडे. दुपार संपता संपायची नाही. धाकटा रडायचा. त्याला गप्प करायला मी कपाटामागे एक राक्षस ठेवला. मोठा, काळा, रडणाऱ्याला गिळणारा. तो माझा. जन्मात तेवढा एकच जमला मला!

धाकटा गप्प झाला खरा. दुसऱ्या दिवशी चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं एक बोटभर राक्षस काढून घेऊन आला. म्हणाला, "हा उंबरठ्या. तुझ्या मोठ्याकडे कामाला आहे. पण मोठा त्याला जेवायला देत नाही. म्हणून मोठा यायच्या आधी तो आपल्याला सांगून जातो."

असे तेवीस झाले. सगळे मोठ्याचे नोकर आणि सगळे आतून आमचे.

"म्हणजे फितूर आहेत की रे," मी म्हटलं होतं.

त्याला राग आला. "फितूर नाहीत! जो पहिली हाक मारतो त्याचे असतात. मोठ्यानं त्यांना कधी हाकच मारली नाही, नुसतं ढकललं. आणि एकदा हाक मारली ना, की नंतर हाकललं तरी जात नाहीत."

सात वर्षांचं पोर! माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत ह्याच्यापेक्षा बरं एक वाक्य मी लिहिलेलं नाही. त्या दोन चौकटीही त्याच्याच. प्रत्येक चित्राखाली पट्टीनं आखायचा.

मुलाखतीत मालकांनी विचारलं होतं, स्वतःचं काही आहे का? मी उंबरठ्या सांगितला. 'माझ्या भावानं' हे शब्द अगदी ओठांवर होते. मालक उठून उभे राहिले — वा! — आणि ते शब्द मी गिळले. नंतर सांगू म्हटलं. नंतर म्हणता म्हणता उशीर एवढा झाला की सांगायलाच लाज वाटायला लागली.

आयत्या बिळावर नागोबा म्हणे! मी कोणाला हसत होते?

७ मार्च

धाकट्यानं ह्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. प्रत्येक गेम पहिल्या दिवशी विकत घेतो. बारा वर्षांत एकदाच म्हणाला, "ताई, उंबरठ्याला शिंगं कशाला दिलीस? दारात अडकतील ना." बस्स. त्या दिवशी भांडला असता तर मी सुटले असते.

१० मार्च, सोमवार

बड्या कंपनीचा माणूस स्क्रीनवर आला. फुटकळांना मारताना खेळणारे थांबतात, म्हणे. त्यांना वाईट वाटतं, आणि गेमचा वेग पडतो. "त्यांना जन्मजात दुष्ट करा. भूतकाळ नको."

केले. कुठून आला: अंधारातून. कोणाचा: महाराक्षसाचा. तेवीस वेळा तेच. जेवणाच्या सुट्टीआधी काम संपलं. कॉम्प्युटरनं एकही पान परत पाठवलं नाही.

चारच्या सुमारास गेम खेळून तपासणारी मुलगी येऊन म्हणाली, "छान झालंय. उंबरठ्या आता मुकाट मरतो."

१२ मार्च, बुधवार

आज धाकट्याला सांगायचंच म्हणून अर्धी सुट्टी टाकली.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन वर्षांपूर्वी उजवा हात लिफ्टच्या दारात सापडला. तेव्हापासून बोटं मिटत नाहीत, म्हणून लिफ्टवाल्या कंपनीनं फोनवर बसवलाय. अडकलेल्यांचे फोन घेतो. मी गेले तेव्हा कोणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये लटकत होतं आणि हा सांगत होता, "घाबरू नका काकू. माणूस निघालाय. तो येईपर्यंत मी आहे इथेच." वीस मिनिटं बोलत राहिला. त्या काकूंच्या नातवाच्या परीक्षेपर्यंत सगळं विचारून झालं. डाव्या हातानं कागदावर रेघोट्या ओढत होता. गोल काढायला गेला तर बटाटा होत होता.

फोन ठेवून म्हणाला, "काय गं, चेहरा का उतरलाय?"

"काम फार आहे."

"मग सही-बिही काय असेल ती करून टाक आणि मोकळी हो बघू."

मला चहा पाजला. मी मुकाट्यानं प्याले आणि आले. तोंडाला कुलूप! वाटेत आठवत होते, सहीचं मी बोलले होते का त्याच्याजवळ? बोलले असेन. आजकाल माझं मलाच काही कळत नाही.

१६ मार्च, रविवार

आईकडे गेले. ती वही आईकडे आहे हे विसरल्याचं नाटक मी गेले दहा दिवस स्वतःशीच करत होते.

'आधीचं कुठलंही चित्र अस्तित्वात नाही.' आणि ते अस्तित्व माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, आमच्या शाळेच्या दाखल्यांखाली! उद्या आईनं पेटी आवरायला काढली, कोणाला कौतुकानं वही दाखवली, त्यानं फोटो काढला, की संपलं. मी खोटी, सौदा मोडणार, चाळीस जण घरी.

स्टूल ठेवून मी वर चढले. आई खालून स्टूल धरून होती.

"वही कशाला हवीय?"

"ऑफिसात लागतेय."

"धाकट्याला विचारलंस?"

"हो."

आईनं स्टूल तसंच घट्ट धरून ठेवलं. मी उतरले तेव्हा तिनं पदरानं वहीवरची धूळ पुसली आणि माझ्या हातात दिली. "जपून ने," म्हणाली.

घरी येऊन वाचली. वाचायला नको होती.

तेवीस चित्रं. कुठून आला: माझ्या डोक्यातून. कोणाचा: ताईचा. पुढचं पान. माझ्या डोक्यातून. ताईचा. सगळ्यांचं तेच. लोंबत्याच्या पानावर पेन्सिलीनं जास्तीची ओळ: 'ताईला ताप आहे. आज सगळे तिच्याकडे पाठवले.'

म्हणजे माझ्याच राक्षसाला घाबरून ह्यानं एवढी फौज उभी केली आणि ती मलाच देऊन टाकली. मी ढसाढसा रडले. आणि मग काय केलं? कात्री शोधली! म्हटलं, पहिली चौकट तेवढी कापावी. 'ताईचा' ठेवावं. पुरावाच होईल उलट! असलं सुचणारं डोकं माझं. त्यातून बोटभरसुद्धा राक्षस कधी निघाला नाही, पण हे बरोब्बर सुचतं.

१८ मार्च, मंगळवार

ऑफिसात कागद कातरायचं मशीन आहे. आठ वाजताच गेले, कोणी आलेलं नव्हतं. एकेक पान टाकलं. चौकटीचा जुना कागद, चटकन जातो. उंबरठ्या पहिला गेला. पुठ्ठा अडकला. मशीन घरघरायला लागलं. तेवढ्यात झाडणाऱ्या मावशी आल्या, "सरका ताई, मी करते" म्हणाल्या आणि उलटं बटण दाबून पुठ्ठा बाहेर काढून हातात दिला. त्यावर धाकट्याचं नाव होतं, इयत्ता दुसरी.

पुठ्ठा हातानं फाडला.

२० मार्च, गुरुवार

सही केली. वकीलबाईंनी कागद फाईलला लावला आणि म्हणाल्या, "झालं! तुमच्या घरच्यांचं तर कधीच आलं होतं." मला वाटलं आईचं काहीतरी, वारसाबिरसाचं असेल. विचारलं नाही. पेढे वाटले, सगळे टाळ्या वाजवत होते.

२१ मार्च

टेबलावर बाहुली आणून ठेवलीय कोणीतरी. उंबरठ्या. शिंगांसकट. ड्रॉवरमध्ये टाकला.

२३ मार्च, रविवार

सकाळी धाकट्याचा फोन. आवाज एकदम खुशीत.

"झाली ना सही? मालकांनी ऑनलाइन टाकलेला फोटो बघितला मी! त्या वकीलबाई माझ्याकडे आल्या होत्या गं, सहा तारखेलाच. तुला सांगू नका म्हटलं, उगाच कानकोंडी झाली असतीस. लिहून दिलं डाव्या हातानं — सगळे ताईचे, पहिल्यापासून. खोटं नाहीये ते. मी तेव्हाच दिले होते तुला, वहीत आहे बघ."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐक ना. आता सगळं झालंय तर ती वही जरा देशील? आई म्हणाली तुझ्याकडे आहे. कोणाला दाखवणार नाही, शप्पथ. डावा हात बसवतोय. म्हटलं, त्यांच्यावरूनच गिरवावं. पहिल्यापासून. उंबरठ्यापासून."

आणते म्हटलं.