तुझं बोलणं मी सुधारलं

आई,

लहानपणी मी तुला आये म्हणायचो. पाचवीत असताना तू डबा द्यायला शाळेत आलीस, मी हाक मारली आणि वर्गातली मुलं हसली. त्या दिवसापासून आई म्हणायला लागलो. तू कारण विचारलं नाहीस, नव्या हाकेलाही तशीच ओ दिलीस. आज इतक्या वर्षांनी, इतक्या कादंबऱ्या लिहून झाल्यावर, तुला लिहायला बसलो आणि पहिल्याच शब्दाशी अडकलो. कागदावर आलं ते आईच.

ती कांजूरमार्गची खोली आठवते. ऐंशीनंतरची वर्षं. गिरणी बंद पडल्यावर बाबा गावी निघून गेलेत आणि ते परत येणार नाहीत हे आपल्या दोघांनाही कळून चुकलंय. मी घाटकोपरला एका छापखान्यात प्रूफं तपासतो, तू औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावतेस. रविवारी जेवणं झाली की तू स्टोव्ह विझवतेस, गोणपाट काखोटीला मारतेस आणि म्हणतेस, "मी भायर बसतंय, तू लिव." मग दार ओढून घेऊन गॅलरीत, उन्हात. आठवड्यातली तुझी एकच सुट्टी. एकदा तू कारखान्यातून लेबलांच्या कागदांची जाड चळत आणलीस. छपाई चुकलेली, पण मागची बाजू कोरी. "सायबाक सांगून आणलंय," तू म्हणालीस. "म्हटलंय, माझो झिल पुस्तक लिवता." माझी पहिली कादंबरी खोकल्याच्या औषधाच्या पाठीवर लिहिलेली आहे, हे मी कुठल्याही मुलाखतीत सांगितलेलं नाही.

कादंबरी तुझ्यावरच होती. तिची प्रूफं आली तेव्हा तू म्हणालीस, वाचून दाखव. तीन रविवार मी वाचत होतो आणि तू सुकट निवडत ऐकत होतीस. मधे एकदाही बोलली नाहीस. शेवटचं पान संपलं, तशी सूप बाजूला ठेवून तू विचारलंस, "ही बाई कोण रे? रांधता माझ्यासारखी नि बोलता शाळेतल्या बाईसारखी. माझा बोलणा खंय गेला?"

मी म्हणालो, "प्रकाशक म्हणतात, वाचकांना कळणार नाही."

"कित्याक कळाचा नाय? तुका कळता मा?"

मी प्रूफं गोळा करून पिशवीत घातली. तूही पुन्हा विषय काढला नाहीस. खरं म्हणजे प्रकाशक असं काही म्हणालेच नव्हते. उलट हस्तलिखित वाचून त्यांनी विचारलं होतं, "ही बाई कोकणातली ना? मग मालवणी का बोलत नाही?" मी त्यांना म्हणालो, "आमच्या घरी शुद्धच बोलतात." दिवसभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करून माझ्या हाताला तसंच वळण लागलं होतं, असं मी पुढे स्वतःला समजावत राहिलो. हात वगैरे काही नव्हतं. मला लाज वाटत होती.

पुस्तक लोकांना आवडलं. मुलुंडच्या एका वाचनालयाने सत्कार ठेवला. तू कधी न नेसलेली जांभळी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होतीस. अध्यक्ष म्हणाले, आता माउलींनीच दोन शब्द बोलावेत. तू उठलीस, माईकपर्यंत गेलीस, हात जोडलेस आणि तशीच खाली उतरलीस. लोकांनी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या. मला तुझा राग आला. परतताना बसमध्ये मी म्हणालो, "दोन शब्द बोलायला काय झालं होतं तुला?" तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "माझा तोंड उघडला असता, तर तुझा पुस्तक खोटा पडला असता."

पुढे चार वर्षांनी तू गेलीस. ती पुस्तकातली बाई मात्र जायला तयार नाही. समारंभात लोक मला तिची वाक्यं ऐकवतात. बाबा गावी निघून गेले त्या दिवशी ती दारात उभी राहून म्हणते, "जाणाऱ्याला अडवून आपणच रिते होतो." हे वाक्य लोकांना पाठ आहे. तू त्या दिवशी खरोखर काय म्हणालीस? तीन-चारच शब्द होते. मी मागे उभा होतो, मी ऐकले होते. आता आठवायला गेलो की तुझे ओठ हलतात आणि आवाज तिचा येतो, प्रत्येक शब्द जागच्या जागी, अनुस्वारासकट. नंतरच्या माझ्या सगळ्या पुस्तकांत बायका तिच्यासारख्याच बोलतात. ज्या भाषेने मला त्या खोलीतून बाहेर काढलं, तिच्यातून बाहेर पडायला मला दार सापडत नाही.

काल गावी मावशीला फोन केला. तुझी धाकटी बहीण, आता ऐंशीच्या पुढची. "कित्याक रे फोन केलंस?" तिने विचारलं. मी म्हटलं, सहज. मग ती बोलत सुटली, गुडघे, विहीर, शेजाऱ्याने तोडलेला फणस. आवाज अगदी तुझा. माझे डोळे भरून आले, हे खरं. पण बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, की ती बोलतेय आणि मी हाताशी असलेल्या कागदावर तिचे शब्द उतरवून घेतोय. पेन खाली ठेवायला हवं होतं. मी ठेवलं नाही.