अंगठ्याचं नख

अप्पा,

तुम्ही उजव्या अंगठ्याचं नख वाढवायचात आणि आई त्यावरून रोज कुरकुरायची. जेवायला बसलात की ताटाशेजारी पिळलेल्या लिंबाची फोड. आधी नखातलं ग्रीस घासा, मगच भाकरीला हात. पुढे मीही नख वाढवलं आणि माझ्या ताटाशेजारीही फोड आली. लोखंडाने सोललेल्या बोटांना ती अशी झोंबायची की डोळ्यांत पाणी यायचं. तुम्ही हसायचात.

पहिल्यांदा चाक काढून ब्रेकची डिस्क मी नुसती न्याहाळत बसलो होतो, तेव्हा तुम्ही मागून टपली मारलीत. "कामून बघत बसलास? नख फिरव की. डोळा फसतो, नख फसत न्हाई." फिरवलं. झीज होऊन उरलेला काठ लागला आणि मधे केसाएवढी भेग. जाडी मापाने कळते, पण अशी भेग नखालाच सापडते. ती डिस्क तुम्ही परत बसवू दिली नाहीत.

मन्नाएखेळ्ळीच्या रस्त्यावर आपलं गॅरेज अजून आहे. गेल्या वर्षी लिंबू झोंबायचं थांबलं. मला बरंच वाटलं, गाढवच मी. कलबुर्गीचे डॉक्टर म्हणाले, साखरेने बोटांची जाणीव गेली, आता ती परत येणार नाही.

तेव्हापासून भीतीपोटी येईल ती डिस्क बदलायला सांगतोय. मध्यंतरी शाळेची व्हॅन चालवणारा आला. मी नख फिरवलं, मान हलवली. "ही गेली. बदलावी लागती."

तो चाकाजवळ वाकला. "अण्णा, मागल्या महिन्यात तुमीच तर नवी घातलाव की." मग हळूच, "तुमाला बरं न्हाई का?"

तो आता नौबादला दुसऱ्याकडे जातो. गाडीत पोरं असतात, बरोबरच करतो. मला त्याचा राग येत नाही, लाज वाटते.

आज दुपारी नख कापून टाकलं. सोबत थोडं कातडंही गेलं, ते रक्त दिसल्यावर कळलं. उद्या शटर उघडणार नाही.

हा कागद टाकायला पेटी नाही, म्हणून सांगतो. ताटाशेजारी फोड ठेवू नको, असं बायकोला मीच बजावलंय. पण ती शेजारच्या घरी गेली की मी लिंबू कापतो, बोटावर दाबतो आणि झोंबायची वाट बघत बसतो.