बरं हाय म्हणणारा वॉर्ड

दौंड, ६ नोव्हेंबर २०२४

ती. बबनमामांस,
सप्रेम जयभीम. वि. वि. फोनवर तुम्ही बरं हाय याच्या पुढे जात नाही, म्हणून पत्र.

मुतखडा काढल्यावर तुमच्या किडनीपासून मूत्राशयापर्यंत जी नळी, म्हणजे स्टेंट, घातली आहे, तिचा त्रास होतो का, हे आमच्या कंपनीने शिरूरच्या दवाखान्यात विचारलं. तुमच्या वॉर्डात एकालाही त्रास नाही म्हणे. असं कुठेच होत नाही. नळीचं खालचं वेटोळं आत घासतं, जळजळ होते, सारखी लघवी लागते. ते टोक मऊ करायचं माझं काम आहे. आता साहेब म्हणतात, त्रासच नाही तर नवी नळी कशाला? महिनाअखेरीस काम बंद.

आणि सोजरमामी सांगते, एसटीत बसवत नाही म्हणून तुम्ही नात्यातल्या लग्नाला जाणं टाळलंत. खरं काय ते कळवा.

लोभ आहेच, उत्तरही असावं.
प्राची

कवठे येमाई, १० नोव्हेंबर

चि. प्राचीस,
मामाचा जयभीम आन् आशीर्वाद. पोरी, रागावू नको. दौंडच्या कंपनीचा माणूस येणार असं नर्सबाई म्हणाल्या. म्हंजी तुझीच कंपनी. मी खाटं-खाटंला जाऊन सांगितलं, नळी माझ्या भाचीनं केलीय, तिच्या नोकरीचा प्रश्न हाय, कुणी नावं ठेवू नका. शेजारच्या खाटंवरचा सावळाराम उठता-बसता कण्हत व्हता, पर माणूस आला तवा एकदम झकास म्हणाला. ज्योतिबानं तर अशी नळी समद्यांनी घालावी असंबी सांगून टाकलं. बढती मिळाली का, मामी इचारती.

माझ्या दुखण्याचं म्हणशील, तर लेकीबाळींना असलं काय लिहायचं? माया ऱ्हाऊ दे.
बबनमामा

दौंड, १४ नोव्हेंबर

ती. मामांस,
जयभीम. ती नळी माझी नाही. ती जुनी, बाजारात मिळते ती. माझी अजून कुणाच्या पोटात गेलेली नाही आणि तुम्ही केलेल्या कौतुकामुळे जाणारही नाही.

मामाने अख्खा वॉर्ड फितवला, हे मला साहेबांसमोर उभं राहून सांगावं लागलं. ते हसले. मी नाही. ती उत्तरं रद्द झाली. मंडळी नळी काढायला येतील तेव्हा दुसरा माणूस पुन्हा विचारेल. तुम्ही नात्यातले, तुमचं उत्तर धरणार नाहीत. कुणाला चांगलं बोलायला सांगू नका, वाईटही नको. गप्प राहा.

मला मात्र खरं लिहा. हे कंपनी विचारत नाही, मी विचारते आहे.

रागासह लोभ आहे.
प्राची

कवठे येमाई, २१ नोव्हेंबर

चि. प्राचीस,
जयभीम. काल नळी काढली. कंपनीचा माणूस आला तवा मी बाहेर लिंबाखाली जाऊन बसलो. सावळाराम नळीचा त्रास सांगत व्हता, त्याचा आवाज पार फाटकापतुर येत व्हता. मी शिकवलं न्हाई, शप्पथ.

आता तुझं. लघवीला गेलं की कमरेत सुरी फिरायची. भिताडाला धरून उभा ऱ्हायचो. मामीला कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायचो. सारखं उठावं लागतंय म्हणून विहारात वंदनेलाबी बसलो न्हाई. लिहिताना लाज वाटती, पर तू इचारलंस.

तुझी मऊ नळी व्हावी. परत खडा झाला तर तीच घालीन. आन् ती टोचली, तर टोचती असंच सांगीन, तुझ्या साहेबासमोर.

राग जाऊ दे, लोभ ठेव.
बबनमामा