पंखा चालू होता

आई, आज वर्गात मी खोटं बोलले आणि ते लगेच पकडलं गेलं. तुलाच सांगावंसं वाटलं, कारण खुडूक कोंबडीवर पालथं घातलेलं डालगं तू मला कधी उचलू दिलं नाहीस. कोंबडी अंड्यांवर बसवली की डालग्यावर जुनं लुगडं टाकायचीस आणि मी नुसता हात नेला तरी ओरडायचीस, "सारखं बघू न्हाई गं, बिचकती ती." एकदा पिल्लं निघाली तेव्हा त्यातलं एक अर्धमेलं होतं. ते मात्र तू स्वतःहून माझ्या ओंजळीत ठेवलंस. "मरंल बी. पण धर." ते जगलं का, आठवत नाही. ओंजळीतली त्याची धडधड आठवते.

तू बघू दिलं नाहीस तेच आता मी तिसरीच्या मुलांना दाखवते. टेंभुर्णीजवळच्या आमच्या शाळेत टीव्ही आहे. माझ्या मोबाईलच्या इंटरनेटवर त्यात ऑस्ट्रेलियातल्या समुद्री गरुडाचं घरटं दिसतं. झाडावर कॅमेरा बांधलेला आहे. तिथे या क्षणी जे होतं, ते इथे दिसतं. घरट्यात दोन अंडी होती तेव्हापासून आम्ही बघतोय. मुलं त्यावर वाक्यं लिहितात, गरुडाने आणलेल्या माशांची बेरीज करतात, नकाशात तो देश शोधतात. आपल्या घरातली पहिली पदवी माझी, म्हणून असेल, पण मला वाटायचं की मुलांना जे खरं आहे ते दाखवावं, पुस्तकातल्या चित्रासारखं सजवलेलं नाही.

मुख्याध्यापक दारातून विचारतात, "काय बाई, टॉकीज जल्दी सुरू झाली आज?" मी हसते. दाराजवळ बसणारी एक मुलगी शाळा सुरू झाल्यापासून हजेरीलाही तोंड उघडत नव्हती. घरी तिची भाषा उर्दू. घरट्यातलं धाकटं पिल्लू पाहून ती पहिल्यांदा बोलली, "बाई, उसकू कुछ मिल्याच नै." तेव्हापासून ते पिल्लू तिचं, आणि रोज त्याची खबर वर्गाला द्यायची तिनेच.

आज मोठं पिल्लू धाकट्याच्या डोक्यात चोची मारत होतं. त्यांची आई शेजारीच उभी. मुलं आधी हसली. "दादागिरी करून राह्यलं ते!" मग कुणी हसेना. धाकट्याची मान खाली पडली. ती मुलगी जागेवर उठून उभी राहिली आणि मी बटण बंद केलं. "लाईट गेली रे," म्हणाले.

तिने वर पाहिलं. "बाई, पंखा तो चालू है."

तू गेलीस त्या दिवशी मावशी मला म्हणाली होती, "आई दवाखान्यात हाय, येईल उद्या." तिच्या मागे ओट्यावर रडणाऱ्या बायका मला दिसत होत्या. नंतर किती दिवस मी मावशीशी बोललेच नाही. आज ती मुलगी खाली बसली, दप्तर छातीशी धरलं आणि ओठ मिटून घेतले. ते मिटणं मी ओळखलं.

मी टीव्ही पुन्हा लावला. "लाईट गेली नव्हती. मला बघवेना," म्हणाले. पिल्लू पडलेलंच होतं. मधूनच त्याचं पोट हलायचं, तेवढंच. शाळा सुटली तरी तेवढंच.

सगळी गेल्यावर ती दारात थांबली. "बाई, घरकू जाके मोबाईल में देखते क्या तुम?"

"न्हाई. उद्या तुझ्यासंगंच."

"पक्का?"

"पक्का."

आता दिवस मावळलाय. मोबाईल समोर पालथा ठेवलाय. हे पत्र पाठवायचं तरी कुठे? आणि पोचलं असतं, तरी तुला अक्षर येत नव्हतं, ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. उद्या तिला वाटेल, बाईंनी शब्द पाळला. तसं नाही, आई. मला एकटीने बघायची भीती वाटतेय.