उभं चिरलेलं प्लास्टर

सर, आज दुपारी माझं प्लास्टर कापलं गेलं. म्हणजे मी घातलेलं; माझे दोन्ही हात शाबूत आहेत. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "वाक्य नीट बोला डॉक्टर, नाहीतर भलताच पेशंट टेबलावर चढेल." म्हणून पहिल्यापासून सांगतो.

सकाळी ओपीडीत देवगाव रंगारीच्या एक आजी आल्या. गोठ्यात पाय घसरून मनगट मोडलेलं. प्रोफेसर झाल्यापासून माझा दिवस बैठकांत जातो, हाड क्वचितच हाताला लागतं. त्यामुळे हे मी कुणाला हात लावू दिलं नाही, स्वतः बसवलं, प्लास्टरही स्वतः घातलं. एक्स-रे असा आला की मी त्याचा मोबाईलवर फोटो घेतला. रेसिडेंट्सना दाखवला, विद्यार्थ्यांना दाखवला, शेवटी लाज सोडून चहा आणणाऱ्या मावशींनाही दाखवला. "छान आहे," त्या म्हणाल्या, "कुणाचं हाय?" मग आजींना वॉर्डात ठेवून, फोन बंद करून, मी लेक्चरला गेलो.

परत येतो तर प्लास्टर वरपासून खालपर्यंत उभं चिरलेलं, आतला कापूसही कापून बाजूला सारलेला, आणि शेजारी हातात करवत घेऊन आमची पहिल्या वर्षाची रेसिडेंट. वैजापूरची पोर. बाप मार्केट यार्डात कांद्याचा व्यापारी, आवाज लिलावाचा. आज मात्र आवाज बसलेला होता.

"कुणी कापलं?"

"मी, सर."

"मला विचारलंस?"

"फोन बंद होता तुमचा. आजींची बोटं बधिर पडायला लागली होती. सरळ केली की ओरडायच्या."

आजींचा मुलगा मध्येच म्हणाला, "मी सांगत होतो मॅडमला, आमची आई लई नाजूक हाय. सुई द्या अन् झोपू द्या."

"नाजूक तुझी बायको," आजी म्हणाल्या. "हात माझा व्हता का तुझा?"

सगळा वॉर्ड माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि सर, मला तुमची खोली दिसायला लागली.

मी रेसिडेन्सीला नुकताच लागलोय. तुम्ही माझा उजवा हात ओढून घेता आणि धडधाकट हाताला प्लास्टर घालता, जरा घट्टच. "दिवसभर असंच काम करा," एवढंच. प्रत्येक नव्या पोराला तुम्ही हे करता, हे मला कुणी सांगितलेलं नाही. मेसमध्ये डाव्या हातानं वरणभात खाताना अर्धा शर्टावर जातो. रिक्षावाला विचारतो, "क्या डॉक्टर साब, खुदकाच हाथ तोड लिए?" दुपारपर्यंत बोटं सुजतात. मी तुमच्या दारात येतो.

"सर, घट्ट होतंय."

"एक्स-रे चांगला आहे तुमचा."

"माझा एक्स-रे काढलाच नाही, सर."

"मग कशाच्या भरवशावर सांगता?"

"दुखतंय म्हणून."

"हं. मग कापा. आणि पेशंट असं म्हणाला तर आधी कापा, मला नंतर विचारा."

तेच प्लास्टर मी अजून प्रत्येक नव्या रेसिडेंटला घालतो. या पोरीला घातलं तेव्हा तिनं तोंडावर सांगितलं होतं, "सर, हे रॅगिंग आहे." मीही घाबरून पुढच्या वर्षापासून बंद करायचं ठरवलं होतं. आता बंद नाही करणार.

मी आजींची बोटं हातात घेतली. गरम होती, गुलाबी होती, सरळ केली तर आजी ओरडल्या नाहीत, वर माझाच हात दाबून म्हणाल्या, "बघा, आलं का नाय बळ?" मी परत येईपर्यंत ही पोर थांबली असती, तर हीच बोटं जन्मभरासाठी आखडली असती. नवा एक्स-रे काढला. हाड सरकलंय. सूज उतरली की पुन्हा बसवायचं, कदाचित तारा घालाव्या लागतील.

"तेव्हा हाड तू बसवायचंस," मी तिला म्हणालो. "मी बाजूला उभा राहीन. चहा घेतलास का?"

"नाही, सर."

"मग घे जा."

ती गोंधळून गेली. तुम्हीही मला शाबास कधी म्हणाला नाहीत, चहाचं तेवढं विचारायचात, आणि मी कितीतरी दिवस समजत होतो की माझा चेहरा दमल्यासारखा दिसतो. तिला लवकर कळेल. ती माझ्यापेक्षा हुशार आहे, आणि याचं मला वाईट वाटत नाहीये, याचंच नवल वाटतंय.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, तेव्हा एक कबूल करून टाकतो. सकाळचा तो फोटो मोबाईलमधून काढून टाकायला हवा. ते हाड आता तसं राहिलेलं नाही. काढलेला नाही, सर. हे लिहितानाही दोनदा बघून झाला. खरंच सुंदर बसलं होतं.